इथली ओढ, तिथली ओढ

"घरी तुमची वाट पाहणारं कोण?" नसरीननं विचारलं.

"कुणी नाही. लिही."

"मावशी, असं लिहून चालत नाही."

"मग काय लिहू? शेजारचा बोका?"

नसरीन मुल्ला ही आमच्या विट्यातल्या परवाना केंद्राची मालकीण. वय तिशीच्या आतबाहेर, जीभ माझ्यासारखीच. तिचे वडील याच गाळ्यात झेरॉक्स काढायचे. ती परदेशी जाणाऱ्यांचे ई-मंजुरीचे अर्ज भरते. तिनं माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला आणि 'कुणी नाही' असं टाइप केलं.

मी शालन निकम. एसटीत कंडक्टर होते, आता पेन्शन खाते. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. लेक एकच, शिवांजली, ती तिकडे असते. तिकडे म्हणजे कुठल्या देशात ते मी सांगणार नाही. नाव घेतलं की माझं डोकं फिरतं आणि गोष्ट राहते बाजूला. पश्चिमेला आहे, थंड आहे आणि तिथले लोक 'प्लीज' म्हणत म्हणत नाही म्हणतात, एवढं कळलं तरी पुरे.

शिवीला दिवस गेले होते. दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी सहाव्या महिन्यात सगळं गेलं. तेव्हाही मी अर्ज केला होता. मुलाखतीत बाईनं विचारलं, "मुलीला भेटायची फार इच्छा आहे का?" मी म्हटलं, "इच्छा कसली बाई, जीव तुटतोय माझा." झालं, नकार आला. शिवी तिकडे दवाखान्यात पडून रडत होती आणि मी इथं मांडीवर फोन घेऊन काचेवरून तिच्या केसांवर हात फिरवत होते. तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. या वेळी सातवा लागला की मला तिच्या उशाशी असायचंच होतं, मग त्यासाठी काहीही करावं लागो.

आता ते यंत्र काय आहे ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. नसरीननं मला समजावलं तसंच सांगते.

पूर्वी ई-मंजुरी ही अगदी साधी गोष्ट होती. मोबाइलवर नाव, पासपोर्टचा नंबर आणि फोटो टाकायचा, फी भरायची, चहा उकळेपर्यंत मंजुरी हातात. मग गेलेली माणसं परत येईनात, तेव्हा ते देश विचारायला लागले की हा माणूस परतेल कशावरून? आधी शेतं बघितली, घरं बघितली. पण शेत सोडून माणूस राहतोच की. मग त्यांच्या हाती एक शोध लागला, आणि तो लागला होता लेकरांच्या दवाखान्यात. अपुऱ्या दिवसांचं बाळ काचेच्या पेटीत ठेवतात, आईच्या छातीवर दिलं की ते शांत होतं, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. संशोधकांनी ते बारकाईनं मोजलं. काळजाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर कधीच सारखं नसतं, कणभर कमीजास्त होत असतं. आपल्या माणसाचा आवाज आला, चाहूल लागली, की त्या कमीजास्त होण्याला एक ठरावीक लय येते, कातडीला न दिसणारा घाम फुटतो, श्वास लांबतो. मोठ्या माणसांचंही तसंच. तोंडानं कितीही थापा मारा, ही लय खोटी काढता येत नाही. पोरांच्या भल्यासाठी लागलेला शोध कुणीतरी उचलून सरहद्दीवर नेला आणि त्याचं मनगटातलं कडं केलं.

तीन महिने कडं घालायचं, आणि मंजुरी आली तर तिकडे पोचेपर्यंतही ठेवायचं. ते बोलणं ऐकत नाही. तुमचा ठोका कधी हलला आणि तेव्हा तुम्ही कुणाशी फोनवर होता किंवा कुठल्या जागी होता, एवढं बघतं. त्यातून दोन आकडे निघतात. एक इथली ओढ आणि एक तिथली ओढ. इथली जास्त भरली तर मंजुरी. तिथली जास्त भरली तर हा माणूस परत येणार नाही, म्हणून नकार.

आहे की नाही कमाल? ज्याच्यासाठी जीव तुटतो त्याच्याकडेच जायला बंदी! आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थाचं मुलाशी हाडवैर होतं. गेला होता फक्त जमिनीच्या कागदावर सही घ्यायला. त्याला चुटकीसरशी मंजुरी. आणि लेकासाठी डिंकाचे लाडू वळून ठेवणारी त्याची बायको इथंच. लोकांनी मग युक्त्या काढल्या. पोरांशी बोलणं टाकलं. कुणी शेळी पाळली, कुणी भजनी मंडळात नाव घातलं. सांगलीत तर 'इथली ओढ वाढवा' म्हणून शिकवणी निघाली, बोला!

"तुमचा तिथला आकडा आधी केलेल्या फोनच्या नोंदीवरूनच चाळीस निघतोय," नसरीन म्हणाली. "आता तीन महिने शिवांजलीताईला फोन नाही, व्हिडिओ नाही, मेसेज नाही. फोटोसुद्धा उघडायचा नाही."

"आणि मनात आठवण काढली तर?"

"ते त्याला पकडता येत नाही. फोन लागलेला नाही, मग तिच्या खात्यावर कसं टाकणार?"

"तेवढी तरी मेहेरबानी," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी शिवीला शेवटचा फोन केला. तिला कड्याचं सगळं सांगितलं.

"आई, तीन महिने?" ती म्हणाली. "मला रोज सकाळी उठल्यावर भीती वाटते गं. तुझ्याशी बोलले की जाते."

"मग नको. जाऊ दे ते कडं. मी रोज बोलते. सकाळ-संध्याकाळ बोलते."

"आणि मग तू येणार नाहीस."

"नाही."

मागच्या खेपेला फोन होता की आमच्याकडे, चोवीस तास होता. त्याचा काय उपयोग झाला ते दोघींना ठाऊक होतं.

"तू ये," शिवी म्हणाली. "मला आवाज नको. मला तू हवीस."

मी फोन ठेवला आणि पदर तोंडात कोंबून रडले. दुसऱ्या दिवशी नसरीननं माझ्या डाव्या मनगटात कडं चढवलं. राखाडी रंगाचं, एकसंध, कुलूप लागल्यावर न उघडणारं. उघडलं तर अर्ज बाद.

पण एक सांगते, ते बनवणाऱ्यांच्या घरात बांगडी भरणारी बाई नसावी. हाताला साबण लावून, अंगठा तळहातात दाबून, घट्ट बांगडीसुद्धा न फोडता निघते हे आमच्याकडची शेंबडी पोरगीही सांगेल. मी आंघोळीला ते तसंच काढून ठेवायची आणि पुन्हा चढवायची. जरा जास्त वेळ बाहेर राहिलं की शिट्टी मारायला लागायचं, म्हणजे अंगावर घ्या नाहीतर अर्ज मेला. आपण लगेच घालायचं, की गप्प.

पहिल्या महिन्याच्या शेवटी आकडा बघितला. इथली ओढ, बारा.

"मावशी, बारा?" नसरीन किंचाळली. "अहो, कुणावर तरी जीव लावा!"

लावून बघितला. भजनाला गेले, तर पेटीवाली बेसूर म्हणून तिच्याशीच भांडण झालं. शेळी आणली, तिनं माझी पेन्शनीच्या दिवशीची नवी साडी चघळली, दिली परत. डेपोतल्या जुन्या मैत्रिणींकडे गेले. दोघी बऱ्या होत्या, पण त्यांना नातवंडांचं इतकं सांगायचं होतं की मी ऐकून घेऊन घरी आले. तीस वर्षं हजारो माणसांना 'पुढं सरका, पुढं सरका' म्हटलं, आणि जवळ कुणाला बसवून घेतलंच नाही. एकटीच्या घरात संध्याकाळी दिवा लावला की शिवीच्या फोनची वेळ व्हायची. फोन समोर असायचा आणि हात लावायची चोरी. खरंच सांगते, त्या दिवसांत मी वाळत चालले होते.

आता बायडाअक्काचं सांगायला हवं. बायडाअक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. तिचं घर माझ्या घराला लागून, पश्चिम अंगाला. परसात मध्ये छातीएवढी भिंत. तीही विधवा, लेक सुना पुण्यात. मी लग्न होऊन आले तेव्हा तिनं मला हाताला धरून सगळं शिकवलं. सणाला कासार आला की आम्हा दोघींना एकाच मापाच्या बांगड्या भरायचा. मी ड्यूटीवर असताना शिवीला तिनंच न्हाऊमाखू घातलं. शिवी तिला मोठी आई म्हणते.

आणि याच अक्कानं, माझा नवरा गेला त्या दिवसांत, भरल्या घरात म्हटलं होतं, "ही घरात असती तर वाचला असता माझा दीर." मी तेव्हा कराडच्या गाडीवर होते. छातीत कळ आली तेव्हा घरात कुणी नव्हतं. तिचं ते वाक्य माझ्या काळजात रुतलं ते रुतलंच. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलले नाही. अकरा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, पण शब्द नाही.

दुसरा महिना लागला असेल. दुपारी मी परसात भांडी घासत होते. भिंतीपलीकडून अक्काचा आवाज आला, नेहमीसारखा गाव जागं करणारा.

"शिवे! जेवलीस का गं? आं? जरा मोठ्यानं बोल बाई, मला ऐकू येत न्हाय!"

माझा हात थांबला. पलीकडून, फोनच्या स्पीकरवरून, माझ्या लेकीचा आवाज आला.

"जेवले गं मोठी आई. आज बाळानं पहिल्यांदा लाथ मारली."

"काय म्हणालीस? परत सांग!"

"बाळानं लाथ मारली!" शिवी ओरडून म्हणाली. "इकडे, डाव्या बाजूला!"

आता अक्काचे कान म्हणजे काय सांगू? भिंतीवर पाल चुकचुकली तरी तिला ऐकू येतं. मी तिथंच दगडावर बसले. हाताला राख, डोळ्यांना पाणी. कड्याकडे बघितलं, तर त्यातला बारीक हिरवा दिवा भराभर लुकलुकत होता. पण माझा फोन बंद होता आणि मी माझ्या परसात बसले होते. बिचाऱ्या यंत्राला वाटलं, ही बाई आपल्या परसदाराच्या प्रेमात पडली.

मग रोजचंच झालं. दुपारची भांडी निघाली की पलीकडे फोन लागायचा. रोज अक्का बहिरी व्हायची आणि रोज शिवी ओरडून सांगायची. पाय सुजलेत. जावयानं खिचडी केली, ती करपली. डॉक्टरीण म्हणाली सगळं ठीक आहे. शिवीला ठाऊक असणार मी ऐकतेय ते, कारण एकदा ती मध्येच म्हणाली, "मोठी आई, आईला सांगू नकोस, पण मला तिच्या हातची शेवग्याची आमटी खावीशी वाटते."

आमच्या भिंतीवर शेवगा आहे. मूळ माझ्याकडे, फांद्या तिच्याकडे. अकरा वर्षं मी तिच्या बाजूच्या शेंगा काठीनं ओढून घ्यायची. त्या दिवशी मी शेंगांची एक जुडी बांधून भिंतीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी तिथं झाकलेल्या वाटीत आमटी होती. तिच्या आमटीत गूळ नेहमीच जास्त असतो. मी खाल्ली, वाटी घासली आणि परत भिंतीवर ठेवली. बोललो मात्र नाही. ती माझ्याकडे बघायची नाही आणि मीही तिच्याकडे बघायची नाही.

आकडा चढत होता. वीस झाला, मग तीस झाला. नसरीन खूश. "मावशी, घराची इतकी ओढ लागली तुम्हाला?" मी नुसतं "हूं" म्हटलं. पण छत्तिसावर येऊन तो जो बसला तो हलेना. शेवटचा आठवडा आला, मुदत संपायला एकच दिवस उरला, तरी इथली छत्तीस आणि तिथली चाळीस. नसरीननं विमानाचं तिकीट धरून ठेवलं होतं. शिवीला सातवा लागला होता.

"उद्या सकाळी शेवटचं मोजमाप आहे," नसरीन म्हणाली. "मंजुरी आली तर परवाच्या गाडीनं मुंबई. नाही आली तर..." मागच्या खेपेला माझा अर्जही तिनंच भरला होता.

घरी येऊन दिनदर्शिका बघितली. परवा अमावास्या. मी काही असलं पाळणारी नव्हे. तीस वर्षांत एकही एसटी अमावास्या बघून सुटली नाही. पण एकदा हातातून गेलेलं होतं, आणि नातवंडाचा प्रश्न आला की माणूस भित्रं होतं. मला सासूबाईंचं, आमच्या आत्याबाईंचं आठवलं. जायचा दिवस चांगला नसेल तर त्या प्रस्थान ठेवायच्या. म्हणजे आदल्या चांगल्या दिवशी एक लुगडं, तांदूळ, सुपारी आणि अंगावरची एक वस्तू अशी गाठोड्यात बांधून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. मग प्रवास त्या दिवशीच सुरू झाला असं धरतात. निघताना गाठोडं उचलायचं आणि जायचं.

फक्त एक अट. ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या घरात ठेवायचं. मला जायचं पश्चिमेला, आणि पश्चिमेला घर कुणाचं, तर अक्काचं. तिच्या पलीकडे ओढा.

दिवेलागणीला मी गाठोडं काखेत मारून तिच्या दारात उभी राहिले. अकरा वर्षांत तो उंबरा चढले नव्हते. अक्का तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं, गाठोडं बघितलं.

"पस्तान व्हय?" ती म्हणाली. "परवा अवस हाय न्हवं. मला वाटलंच. ये, आत ये."

तिनं पाट मांडला, गाठोडं सोडून बघितलं. "आणि अंगावरचं काय ठेवलंस? आत्याबाई काय म्हणायच्या, अंगावरचं काही न्हाय ठेवलं तर ते पस्तान न्हवं, नुसती चिंधी."

मी अंगाकडे बघितलं. गळ्यात काही नाही, कानात काही नाही. हातात एवढं एक कडं. म्हटलं, घटकाभर ठेवते, हळदकुंकू वाहून झालं की काढून घेते. तिच्या मोरीवर हात ओला केला, साबण लावला, कडं सरकवून काढलं आणि गाठोड्यात ठेवलं. अक्कानं हळदकुंकू वाहिलं, माझ्या हातावर साखर ठेवली. इथपर्यंत सगळं चांगलं झालं.

मग अक्का म्हणाली, "दीर असता तर किती हरखला असता आज."

आणि माझं टाळकं सरकलं. "कसा असता?" मी म्हटलं. "मी घरात नव्हते ना! मारलं ना मी त्याला!"

"शाले, अगं..."

"अकरा वर्षं ते वाक्य घेऊन झोपतेय मी, अक्का. कराडच्या गाडीत माझ्या हातात तिकिटाचं यंत्र होतं तेव्हा. शिवीची फी भरायची होती. तुला काय ठाऊक?"

मी उठले, तडक घरी आले, दाराला आतून कडी घातली आणि न जेवता अंथरुणात पडले. रडून रडून झोप लागली.

सकाळी जाग आली तर हात मोकळा. कडं! अक्काच्या गाठोड्यात! रात्रभर बाहेर म्हणजे ते शिट्टी मारून मारून केव्हाच मेलं असणार. तीन महिने लेकीचा आवाज तोडला, भिंतीआड बसून ऐकला आणि शेवटी माझ्या या तापट डोक्यानं सगळं मातीत घातलं. फोन उचलला.

वर संदेश होता. 'प्रवास मंजूर. इथली ओढ एकसष्ट, तिथली ओढ चाळीस.'

मी तो पुन्हा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. खाली बारीक आलेख होता. संध्याकाळपर्यंत रेघ आपली छत्तिसावर सपाट, आणि दिवेलागणीनंतर जी वर चढली ती पहाटेपर्यंत खाली आलीच नाही. जागा, घर, पश्चिम अंग.

मी अनवाणीच पळाले. अक्का परसात दगडावर बसली होती. डोळे सुजलेले. शेजारी माझं गाठोडं, आणि तिच्या डाव्या मनगटात माझं कडं.

"तू गेलीस आणि हे शिट्टी मारायला लागलं," ती म्हणाली. "शिवीनं मला सांगितलेलं, शिट्टी मारली म्हंजे मरायला टेकलं. तुझ्या दाराशी आले, हाका मारल्या. तू कडी घातलेली. म्हटलं, हिची झोप मेल्यासारखी आणि हिचा रागही तसाच. मग घातलं हातात. बांगडीचं माप एकच की आपलं."

"आणि मग रात्रभर काय केलंस?"

"काय करणार? बसले या गाठोड्याजवळ." तिनं नाक पुसलं. "तू खरंच चाललीस असं वाटलं. भिंतीपलीकडं भांड्यांचा आवाज येणार न्हाय आता. अकरा वर्षं तूच होतीस गं मला, बोलत नव्हतीस तरी. तुझी कुकरची शिट्टी झाली की मी जेवायला बसायची."

मी भिंतीकडे वळून बघितलं.

"त्या दिवशी मी बोलले ते," अक्का म्हणाली, "ते तुला न्हवतं. मी घरात होते, शाले. भिंतीपलीकडं मीच होते. आणि मला काही ऐकू आलं न्हाय. कुणावर तरी ढकलायचं होतं मला. तुझ्यावर ढकललं."

मी तिच्याशेजारी दगडावर बसले आणि तिला कवेत घेतलं. दोघी म्हाताऱ्या लहान पोरींसारख्या हुंदके देऊन रडलो. कड्याचा दिवा नुसता नाचत होता.

पण कडं निघेना. रात्रभर रडून आणि मुठी आवळून तिचा हात सुजला होता. मी साबण आणला, तिचा हात मांडीवर घेतला, अंगठा दाबला आणि हळूहळू फिरवत राहिले, कासार फिरवतो तसं.

"आई आई गं! दमानं!" अक्का ओरडली.

"गप बस. तूच शिकवलंयस मला."

निघालं एकदाचं. तिच्या हाताच्या उबेनं गरम असलेलं ते कडं मी माझ्या हातात चढवलं. मग मला भीती वाटली. खोटं तर नाही ना झालं हे? मी जन्मात कुणाला खोटं तिकीट दिलं नाही. नसरीनकडे जाऊन तिला सगळं सांगितलं. तिनं पडद्यावरचा आलेख पुन्हा एकदा बघितला. मग म्हणाली, "मावशी, नियमानं बघितलं तर अर्ज बाद. पण मला एक सांगा, ते यंत्र एवढंच विचारत होतं ना, की या बाईला मागं ओढणारं कुणी आहे का?"

"आहे की," मी म्हटलं.

"मग जा. उद्याची गाडी चुकवू नका." तिनं खुर्ची फिरवली आणि दुसऱ्याचा अर्ज भरायला घेतला.

विमानातून उतरल्यावर तिकडच्या खिडकीवर एक तरुण अधिकारी बसला होता. त्याच्यापुढचा पडदा मराठी बोलत होता. त्यानं माझा अर्ज बघितला, आलेख बघितला, भुवया उंचावल्या आणि पडद्यानं मला तोच प्रश्न विचारला. अर्जात घरी कुणी नाही असं लिहिलंय. घरी तुमची वाट पाहणारं कोण?

"ते चुकून लिहिलं," मी म्हटलं. "माझी जाऊ आहे."

त्यानं ते टाइप केलं आणि शिक्का मारला.

दाराबाहेर शिवी उभी होती. पोट धरून, केस मोकळे, नाक लाल. मी पिशवी टाकली आणि तिच्याकडे धावले. तिच्या चेहऱ्यावरून, केसांवरून हात फिरवला. या वेळी मध्ये काच नव्हती. तिला मिठी मारली, तशी बाळानं आतून माझ्या पोटाला लाथ मारली, ती मला लागली. कडं वेड्यासारखं लुकलुकायला लागलं, म्हटलं लुकलुक मेल्या, आता काय करणार आहेस?

शिवीनं डोळे पुसत पुसत फोन लावला. "मोठी आई, आई पोचली!"

पलीकडून अक्का ओरडली, सगळ्या विमानतळाला ऐकू जाईल अशी. "पोचली? बरं झालं! तिला फोन दे! शाले, ऐकतीस का? परत कधी येणार?"

"अगं, अजून पिशवी उचलली नाही मी," मी म्हटलं.

"ते मला काय सांगतीस? भिंतीवरच्या शेंगा जून व्हायला लागल्यात. कधी येणार ते सांग."

एका हातात लेकीचा हात होता, दुसऱ्या हातात फोन.

"येते गं अक्का," मी म्हटलं. "बाळाला न्हाऊमाखू घालते, आणि येते."